घरच्या घरी केस कापण्याची रीत: साधने, क्रम आणि हात कुठे आवरावा

२०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि राज्यातील केशकर्तनालयांना कुलूप लागले. २८ जून २०२० पासून ती पुन्हा उघडू लागली, तेव्हाही सुरुवातीला केस कापण्याची मुभा होती, दाढी करण्याची नव्हती. त्या तीन महिन्यांत जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील अनेक घरांत केस कापण्याचे मशीन पहिल्यांदा आले. पुढे सलून सुरू झाले, मशीन कपाटात गेले आणि घरी कापलेले केस म्हणजे उंदराने कुरतडलेले डोके, हा समज तेवढा मागे राहिला. माझ्या मते यात दोष हाताचा कमी आणि क्रमाचा अधिक असतो. न्हाव्याच्या हातातली सफाई वर्षानुवर्षांच्या सरावाने येते, ती घरात येणार नाही. परंतु कोणत्या भागाला आधी हात घालायचा, मशीनला कोणता नंबर आधी लावायचा, केस ओले ठेवायचे की कोरडे आणि कुठे थांबायचे, हे निर्णय कोणालाही शिकता येतात आणि घरगुती कामाचे बरेवाईट बहुतांशी त्यांवरच ठरते.

प्रथम हे ठरवावे की घरी कोणते काम करायचे आणि कोणते सोडून द्यायचे. लहान मुलांचे बारीक केस, घरातील पुरुषांचा बाजूने बारीक व वर थोडा मोठा असा साधा कट, मुलींच्या लांब केसांची टोके सरळ करणे, अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांचे केस हलके करणे, ही कामे घरात चांगली होतात. शून्यापासून वर सफाईने चढत जाणारा फेड, थरांचा स्टेप कट आणि उघड्या वस्तऱ्याचे कोणतेही काम घरी करू नये. जावळ, लग्नातील नवरदेवाची तयारी आणि दहाव्याचे मुंडण यांत तर नाभिक बांधवांचा मानच असतो. तिथे मशीन घेऊन पुढे होण्याचे कारण नाही. उलट ज्याला घरी हे काम शिकायचे आहे त्याने पुढच्या वेळी सलूनमध्ये मोबाइल खिशात ठेवून कारागिराच्या डाव्या हाताकडे नीट पाहावे. कात्री उजव्या हातात असते, पण केस कुठे कापले जाणार हे कंगवा धरलेला डावा हात ठरवत असतो.

साधने

कात्री केस कापण्याचीच हवी. साडेपाच ते सहा इंचांची साधी कात्री पुरते. शिवणकामाची किंवा कागदाची कात्री केसांवर चालवली की केस पात्यांमधून निसटतात, दुमडतात आणि ओढले जातात. पोरगे ओरडते ते त्यामुळेच. कात्रीची धार पाहण्याची सोपी रीत म्हणजे पातळ टिश्यू पेपर ओला करून कापून पाहणे. कागद सरळ कापला गेला तर धार ठीक आहे. तो पात्यात चुरगळला तर ती कात्री केसांना लावू नये.

कात्री धरताना अंगठा एका कडीत आणि अनामिका दुसऱ्या कडीत घालावी. कापताना फक्त अंगठा हलला पाहिजे. अनामिकेकडचे पाते जागेवर स्थिर राहिले पाहिजे. ही सवय लागेपर्यंत केसांशिवाय हवेतच कात्री चालवून पाहावी. हे हास्यास्पद वाटते खरे, परंतु दोन्ही पाती एकदम हलवणाऱ्या हाताकडून सरळ रेघ निघत नाही.

मशीनच्या बाबतीत दाढीचा ट्रिमर आणि केसांचे क्लिपर यांत गल्लत करू नये. दाढीच्या ट्रिमरचे पाते अरुंद आणि मोटार लहान असते, त्यामुळे दाट केसांत तो अडखळतो, तापतो आणि एका डोक्यालाच फार वेळ लागतो. मशीनच्या तोंडावर बसणारा प्लास्टिकचा कंगवा, ज्याला गार्ड म्हणतात, त्याच्या नंबराचा अर्थ माहीत असावा. सर्वसाधारणपणे एक नंबर म्हणजे ३ मिलिमीटर, दोन म्हणजे ६, तीन म्हणजे सुमारे १० आणि चार म्हणजे सुमारे १३ मिलिमीटर केस शिल्लक राहतात. काही संचांवर नंबर नसतो, थेट ३, ६, ९, १२ असे मिलिमीटरच छापलेले असतात. सलूनमध्ये ‘दोन नंबर मारा’ म्हणणाऱ्याने घरी २ मिलिमीटरची खूण लावली तर डोके जवळजवळ भादरले जाते, म्हणून डब्यातील कागद एकदा वाचून घ्यावा.

बाकीच्या वस्तू घरातच सापडतात. एका बाजूला बारीक आणि दुसऱ्या बाजूला विरळ दाते असलेला लांब कंगवा, केस बाजूला धरण्यासाठी चार-पाच चिमटे, एक हातातला आरसा, मऊ ब्रश, टाल्कम पावडर आणि पाणी फवारण्याची बाटली एवढे पुरे. बाटलीबद्दल आपल्या कपाशीच्या मुलखात बजावून सांगितले पाहिजे: पिकावर फवारायच्या औषधाची रिकामी बाटली किंवा पंप कितीही धुतला तरी या कामासाठी वापरू नये. अंगाभोवती गुंडाळण्यासाठी टॉवेल नको, कारण त्याच्या दोऱ्यांच्या फासांत केसांचे तुकडे अडकतात आणि पुढे कितीतरी धुण्यांपर्यंत टोचत राहतात. जुन्या नायलॉनच्या साडीचा तुकडा सर्वांत उत्तम. केस त्यावरून घसरून खाली पडतात. मानेभोवती आधी सुती रुमालाची घडी बसवावी, तिच्यावरून साडीचा तुकडा घ्यावा आणि मागे कपडे वाळवण्याच्या चिमट्याने अडकवावा.

जागा आणि वेळ

भुसावळ-जळगावकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत दुपारी हे काम काढले तर घामाने केस ओलसर होतात, मशीन अडते आणि कापलेले केस अंगाला चिकटून खाज सुटते. सकाळी लवकर, ओट्यावर किंवा अंगणात सावलीच्या बाजूला बसावे. थेट उन्हात बसल्यास डोक्याच्या एका बाजूवर सावली पडते आणि ती बाजू प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा दाट दिसते. मग तिथे अधिक कापले जाते. घरात बसायचे असेल तर पंखा आणि कूलर बंद ठेवावा. उकडेल, पण घरभर केस उडणार नाहीत. शनिवार, अमावास्या, चतुर्थी पाळणाऱ्या घरांत वाराचा निर्णय वडीलधाऱ्यांवर सोपवावा. त्यावरून सकाळ खर्ची घालू नये.

मशीन आदल्या रात्रीच पूर्ण चार्ज करून ठेवावे. वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या गावात हे विशेष लक्षात ठेवावे लागते, कारण अर्धे डोके झाल्यावर बॅटरी संपली तर त्या माणसाला वीज येईपर्यंत टोपी घालून बसावे लागते. वायरीचे मशीन असल्यास ते न्हाणीत, ओल्या फरशीवर किंवा ओल्या हातांनी वापरू नये. बॅटरीचे मशीन उन्हात किंवा गाडीच्या डिकीत तापत ठेवू नये.

ज्याचे केस कापायचे त्याला स्टुलावर असे बसवावे की कापणाऱ्याला चहूबाजूंनी फिरता येईल. पाठ असलेल्या उंच खुर्चीत मानेचा भाग झाकला जातो. कापणाऱ्याने वाकून काम करू नये. डोके आपल्या छातीच्या उंचीला आले की डोळ्यांना रेघ सरळ दिसते.

कात्री लावण्याआधी

केस आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी शाम्पूने धुऊन घ्यावेत. तेल लावलेल्या केसांत मशीन चालवू नये; तेल आणि केसांच्या भुशाचा चिकट गोळा पात्यात बसतो. बोअरचे पाणी जड असलेल्या गावांत साबणाने डोके धुतल्यास केसांवर चिवट राप राहतो, म्हणून शाम्पू वापरून भरपूर पाण्याने केस खळखळून धुवावेत. मशीनसाठी केस पूर्ण कोरडे हवेत आणि कात्रीसाठी किंचित दमट. ओले केस ताणले जातात व लांब दिसतात, वाळले की आखूड होतात. कुरळ्या केसांत तर हा फरक फार जाणवतो. त्यामुळे दमट केसांवर ठरवलेल्या लांबीपेक्षा बोटाच्या एका पेराची निम्मी लांबी जास्तच ठेवावी.

यानंतर दोन मिनिटे नुसते डोके पाहावे. भोवरा कुठे आहे, एक आहे की दोन, केस कोणत्या दिशेने फिरतात, मानेवरचे केस खाली येतात की काहींचे येतात तसे वर किंवा आडवे जातात, हे बोटांनी चाचपावे. तीळ, मस किंवा जुना व्रण असेल तर त्याची जागा लक्षात ठेवावी, कारण मशीनचे उघडे पाते तिथेच अडकते. केसांत उवा-लिखा दिसल्या तर आधी त्यांचा बंदोबस्त करावा. टाळूवर गोल चट्टा, पांढरा कोंडा सुटणारी कडा, तुटके केस किंवा खाज असल्यास ते गजकर्ण असू शकते. त्या डोक्यावर घरातील सामाईक मशीन अजिबात चालवू नये आणि दुकानातून मनाने मलम आणण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. टाळूवरचे गजकर्ण बहुधा नुसत्या मलमाने बरे होत नाही, पोटात गोळ्या घ्याव्या लागतात. आणि स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने तर ते दबते व पुन्हा पसरते.

पुरुषांचा साधा कट

आता मुख्य काम. बाजू आणि मागचा भाग बारीक, वरचे केस बोटात धरता येतील एवढे, असा कट आपण धरून चालू, कारण शाळकरी मुलापासून सरकारी कचेरीतल्या माणसापर्यंत तो सर्वांना चालतो.

पहिली गोष्ट म्हणजे डोक्याची वळणरेघ शोधणे. कंगवा डोक्याच्या बाजूला, कानाच्या वर, उभा सपाट टेकवावा. कंगव्याचा खालचा भाग डोक्याला लागून राहतो आणि जिथून डोके वरच्या बाजूला गोल वळते तिथून कंगवा डोक्यापासून सुटतो. ज्या जागी तो सुटतो तिथे बोट ठेवावे. हीच रेघ दोन्ही बाजूंना आणि मागे भोवऱ्याच्या थोडी खाली अशी डोक्याभोवती फिरते. मशीन या रेघेच्या खाली राहिले पाहिजे आणि रेघेच्या वर कात्रीचे राज्य. घरी कापलेले डोके विचित्र दिसते ते बहुतेक वेळा मशीन या रेघेच्या वर चढल्यामुळे. मग माथ्यावर वाटी ठेवल्यासारखी कडा उमटते. नवख्याने वरचे केस विंचरून चिमट्यांनी रेघेवर बांधून टाकावेत, म्हणजे चुकूनही मशीन त्यांत शिरणार नाही.

दुसरी गोष्ट, मोठ्या नंबराने सुरुवात करावी. शेवटी दोन नंबर ठेवायचा असला तरी आधी चार नंबर लावून मागचा आणि बाजूंचा सगळा भाग एकदा फिरवून घ्यावा. यात वेळ जातो, पण त्या पहिल्या फेरीत डोक्याचे उंचसखल भाग, भोवऱ्याची ओढ आणि समोरच्या माणसाची हलण्याची सवय हे सारे कळते, आणि चुकले तरी काही बिघडलेले नसते. मशीन केसांच्या वाढीच्या उलट दिशेने, म्हणजे साधारणपणे खालून वर, सावकाश चालवावे. गार्ड टाळूला सपाट टेकलेला असावा. त्याची टोके रोवू नयेत. वळणरेघेजवळ आल्यावर मनगट बाहेरच्या बाजूला वळवून मशीन डोक्यापासून अलगद सोडवावे. मशीन डोक्याच्या गोलाईबरोबर वर जात राहिले तर कडा पडते. ते सरळ वर जाऊन हवेत सुटले तर केस आपोआप उतरते राहतात. संपूर्ण कटातील कौशल्य म्हणायचे तर ते याच मनगटात आहे, म्हणून पहिल्या काही फेऱ्या मशीन बंद ठेवूनच करून पाहाव्यात.

चार नंबरची फेरी झाल्यावर तीन नंबर लावून कानाच्या वरच्या टोकापासून सुमारे तीन बोटे उंचीपर्यंत, आणि मागे कवटीचा जो उंचवटा हाताला लागतो तिथपर्यंत जावे. नंतर दोन नंबर लावून फक्त खालचा दीड-दोन बोटांचा पट्टा घ्यावा. प्रत्येक वेळी मशीन वरच्या टोकाला हवेत सोडवायचे. दोन नंबरांच्या मध्ये जिथे सावलीसारखी रेघ दिसेल तिथे मधला नंबर लावून मशीनच्या एका कोपऱ्याने हलके उडते फटकारे द्यावेत. मशीनच्या बाजूला खालीवर होणारा खटका असेल तर तो उघडल्याने शिल्लक राहणाऱ्या केसांची लांबी थोडी वाढते; त्याचा उपयोग याच ठिकाणी होतो. कवटीमागच्या उंचवट्याखाली केस दाट आणि गडद दिसतात. तो खड्ड्याचा भाग असतो. तिथे नंबर कमी करण्याचा मोह आवरावा, कारण तो भाग केसांच्या लांबीने नव्हे तर हाडाच्या सावलीने काळा दिसत असतो.

वरच्या केसांचे चिमटे सोडून पाणी फवारावे आणि ते पुढे विंचरावेत. भोवऱ्यापासून कपाळापर्यंत डोक्याच्या मधोमध एक बोटभर रुंदीचा पट्टा वेगळा करावा. त्या पट्ट्यातील थोडे केस कंगव्याने सरळ वर उचलून तर्जनी आणि मध्यमा यांच्या चिमटीत धरावेत, बोटे टाळूला समांतर ठेवावीत आणि बोटांच्या वर आलेले केस कापावेत. ही पहिली बट बाकीच्या डोक्याचे माप ठरते. पुढची बट उचलताना आधी कापलेल्या बटेतील थोडे केस सोबत घ्यावेत. त्यांची लांबी बोटांत दिसते आणि नवे केस तेवढ्यावर कापायचे. अशा रीतीने मधला पट्टा संपवून मग डाव्या आणि उजव्या बाजूच्या बटा मधल्या मापाशी जुळवाव्यात. भोवऱ्यावरचे केस बाकीच्यांपेक्षा थोडे लांबच ठेवावेत. ते आखूड झाले की उभे राहतात आणि मग तेल-पाणी काहीही लावा, बसत नाहीत.

शेवटी माथा आणि बाजू यांची सांधेजुळणी करावी. वळणरेघेवरचे केस कंगव्याने बाहेर आडवे उचलले की कंगव्याबाहेर एक कोपरा दिसतो. कंगवा किंचित बाहेर झुकवून तेवढाच कोपरा कात्रीने उडवावा.

कानाजवळचे काम घाईने करू नये. डाव्या हाताच्या बोटांनी कान पुढे दुमडून झाकून धरावा, मशीनचा गार्ड काढून उघड्या पात्याच्या फक्त एका कोपऱ्याने कानामागची रेघ वरून खाली ओढावी. कल्ले दोन्ही बाजूंना सारखे आहेत की नाही हे कानांशी ताडून पाहू नये, कारण बहुतेकांचे कान एका उंचीवर नसतात. समोर उभे राहून दोन्ही तर्जन्या दोन कल्ल्यांच्या टोकाला टेकवाव्यात आणि बोटे एका पातळीत आहेत का ते पाहावे.

मानेवरची रेघ हा पुष्कळांचा आवडता उद्योग आणि सर्वाधिक बिघाडही तिथेच. निसर्गाने केस जिथे संपवले आहेत त्याच रेघेला धरून राहावे. तिच्यावर चढून चौकोन काढला की आठवड्याभरात खाली खुंट दिसू लागतात. ‘नाना, हनुवटी थोडी छातीकडे घ्या’ असे सांगून मान ताणून घ्यावी, मशीन उलटे धरावे आणि रेघेखालची लव वरून खाली साफ करावी. वस्तरा लावू नये. ज्यांना उन्हाळ्यात मानेवर घामोळे येते त्यांच्या मानेवर तर उघडे मशीनही टेकवू नये.

लहान मुले

मुलाला मशीनच्या आवाजाची भीती वाटते, पात्याची नव्हे. म्हणून मशीन आधी दूर सुरू करून ठेवावे, मग आपल्या हातावर फिरवून दाखवावे, मग बंद मशीन त्याच्या मानेला लावावे. एकाने समोर बसून त्याचे लक्ष गुंतवावे आणि दुसऱ्याने कापावे. मुलांच्या बाबतीत क्रम उलटा घ्यावा: कान आणि मान ही अवघड कामे आधी, कारण धीर सुटतो तो शेवटी, माथ्यावरचे थोडे कमी-जास्त राहिले तरी चालते. मूल रडू लागले तर तिथेच थांबावे आणि उरलेले संध्याकाळी करावे. झोपलेल्या मुलाचे केस कात्रीने कापण्याची पद्धत काही घरांत आहे; ती धोक्याची आहे, मूल दचकून कधी मान फिरवेल याचा नेम नसतो. टाळू भरलेली नसलेल्या बाळाच्या, म्हणजे साधारण दीड वर्षापर्यंतच्या मुलाच्या, माथ्यावर मशीनचा दाब येऊ देऊ नये.

चैत्र-वैशाखात मुलाचे डोके गार राहावे म्हणून ते साफ भादरण्याची रीत आपल्याकडे आहे. ते मला पटत नाही. उघड्या टाळूवर थेट ऊन लागते आणि कातडी भाजते. दोन किंवा तीन नंबरचे केस वारा आत जाऊ देतात आणि ऊनही अडवतात. त्यावर रुमाल किंवा टोपी मात्र हवीच.

मुलींचे लांब केस

येथे मशीनचे काम नाही. केस दमट करून गुंता पूर्ण काढावा आणि मुलीला उभे करावे. बसलेल्या मुलीच्या पाठीचा बाक रेघ वाकडी करतो. मान सरळ, नजर समोर. मधोमध भांग पाडून केस पाठीवर सोडावेत आणि ते चार-पाच वेळा वरून खाली विंचरावेत. पहिला काप मध्यभागी, पाठीच्या कण्यावर पडणाऱ्या बटेचा, तीच खूण. मग डावीकडील केस त्या खुणेपर्यंत आणि उजवीकडील केस त्या खुणेपर्यंत, केस पाठीवरून न उचलता कापावेत, कारण उचलले की ते आतून आखूड होतात. केस दाट असतील तर वरचा निम्मा भाग बांधून ठेवून आधी खालचा थर कापावा आणि वरचा सोडून त्याच्याशी जुळवावा. शेवटी दोन्ही बाजूंच्या बटा खांद्यावरून पुढे घेऊन त्यांची टोके छातीवर शेजारी ठेवून पाहावीत. फरक असेल तर तिथे लगेच दिसतो. कपाळावरची झुलपे मात्र कोरडीच कापावीत, भुवईच्या खाली मोजून घ्यावीत, कारण वाळल्यावर ती वर चढतात.

वृद्ध आणि आजारी माणसे

अंथरुणावरच्या माणसाला एका कुशीवर वळवून, डोक्याखाली प्लास्टिकवर जुने धोतर टाकून, एका वेळी एकच बाजू करावी. वृद्धांची कातडी पातळ असते, त्यामुळे गार्डशिवाय मशीन लावू नये. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू असलेल्यांना आणि मधुमेहींना लहानशी जखमही त्रास देते. तरीही खरचटलेच तर स्वच्छ कापडाने काही मिनिटे दाबून धरावे. साध्या ओरखड्याला ओल्या तुरटीचा खडा चालतो, पण रक्त थांबत नसेल तर डॉक्टरांकडे जावे. नाकातील केस मशीनच्या उघड्या पात्याने काढू नयेत. बोथट टोकाची छोटी कात्री बाहेर दिसणाऱ्या केसांपुरती वापरावी.

स्वतःचे केस स्वतः कापणाऱ्याला एवढेच सांगेन की कात्रीच्या नादी लागू नका. पूर्ण डोक्याला एकच नंबर लावा, मागचा भाग डाव्या हाताने चाचपत करा, आणि मानेची रेघ घरातील दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. आरशात डावे-उजवे उलटे दिसते आणि हात भलतीकडे जातो.

बिघडले तर

मशीनचा गार्ड निसटून खड्डा पडला, ही नेहमीची आपत्ती. अशा वेळी सगळे डोके त्या खड्ड्याच्या मापाला आणण्याची घाई करू नये. खड्ड्याच्या कडेचे केस एका नंबराने वरचा गार्ड लावून हलके उतरते करावेत, एवढ्यानेच त्याची उठून दिसणारी कडा जाते. डोक्यावरचे केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे ३ मिलिमीटरचा फरक आठ-नऊ दिवसांत भरून येतो. उंचसखलपणा लगेच दुरुस्त करण्याऐवजी माणसाला आंघोळ करू द्यावी, केस वाळू द्यावेत आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. निम्मे दोष तोवर दिसेनासे झालेले असतात, कारण ते कापण्याचे नसून केस दमट असण्याचे किंवा चिमट्यांनी वाकण्याचे होते.

आवराआवर आणि मशीनची निगा

कापून झाल्यावर मानेवर पावडर टाकून मऊ ब्रशने केस झटकावेत आणि मग आंघोळ करावी. आधी पाणी घेतले तर तुकडे कातडीला चिकटतात. जमिनीवरचे केस कोरडेच झाडून गोळा करावेत, न्हाणीच्या मोरीत सोडू नयेत. केसांत नत्र भरपूर, वजनाच्या सुमारे १५ टक्के असतो, पण ते फार सावकाश कुजतात. म्हणून शेणखताच्या उकिरड्यात खोल दाबले तर ते वाया जात नाहीत. गुरांच्या गव्हाणीजवळ किंवा चाऱ्यात मात्र ते जाऊ देऊ नयेत.

मशीन बंद करून, गार्ड काढून, पात्यातील भुसा ब्रशने झाडावा. घरातील एकापेक्षा अधिक माणसांचे केस कापायचे असतील तर प्रत्येकानंतर पाते औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटने पुसून वाळू द्यावे. स्पिरिट पेट घेते, म्हणून हे काम चुलीपासून किंवा गॅसपासून दूर करावे. मग पात्यावर दोन-तीन थेंब तेल सोडून मशीन काही क्षण चालवावे आणि जास्तीचे तेल पुसावे. मशीनबरोबर आलेली बाटली संपली तर शिलाई मशीनचे पातळ तेल चालते. खोबरेल तेल नको: ते २४ अंशांच्या आसपासच गोठते, आणि धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा ते पात्यांमध्ये मेणासारखे बसते. उन्हाळ्यात उलट अडचण असते. बाहेरच इतके तापलेले असते की पाते काही मिनिटांतच चटका देऊ लागते. दर थोड्या वेळाने ते आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे, आणि गरम लागले तर मशीन थांबवून तोवर कात्रीचे काम उरकावे.

धार गेल्यावर कात्री दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या दगडावर देऊ नये. विळी आणि सुरीसाठी तो उत्तम आहे, परंतु केसांच्या कात्रीची धार वेगळ्या कोनाची व बारीक असते आणि त्या दगडावर ती कायमची जाते. सलूनचे साहित्य विकणाऱ्या दुकानात चौकशी केल्यास कात्रीला धार लावून देणाऱ्याचा पत्ता मिळतो. मशीनचे पाते मात्र घरी घासत बसू नये. तेल घालूनही ते केस ओढू लागले की नवे पाते बसवावे, आणि नवे बसवताना खालच्या पात्याचे दात वरच्या हलत्या पात्याच्या दातांपेक्षा किंचित पुढे राहतील असे पाहावे, नाहीतर हलते पाते थेट कातडीला लागते.